काट्यांच्या जवळ जाऊन पाहा



उर्दू कवितेत 'गुल' आणि 'खार' ही जोडी तुम्ही पुष्कळदा वाचली आहे. गुल म्हणजे फूल आणि खार म्हणजे काटा. मान नेहमी फुलाला मिळतो आणि बोल काट्याला लागतात. मराठीतही अडथळा आणणाऱ्याला 'वाटेतला काटा' म्हणतात. आज आपण या बिचाऱ्या काट्याची ओळख करून घेऊ.

एका जानेवारीत आमच्या शाळेची सहल भाटघरला गेली होती. भाटघर हे पुणे जिल्ह्यात भोर शहराजवळ आहे. तेथे वेळवंडी नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेले मोठे दगडी धरण आहे. धरण पाहून झाल्यावर आम्ही रस्त्याच्या कडेला माळावर जेवायला बसलो. आजूबाजूला बोरी, बाभळी आणि काटेरी झुडपे होती. एका मुलाने हातात काठी घेतली आणि तो उत्कटारीचे गोल तुरे सपासप तोडू लागला. मी त्याला थांबवले, तेव्हा तो म्हणाला, "सर, हे तर काटेच आहेत. यांचा काय उपयोग?"

मी त्याला रागावलो नाही. माझ्या पिशवीत प्रयोगशाळेतले एक लहान भिंग होते. ते मी मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरले आणि त्याला म्हणालो, "आता या तुऱ्याचा फोटो काढ."

पहिला फोटो अगदी धूसर आला. दुसराही तसाच आला. पाचव्या फोटोत मात्र तो मुलगा गप्प झाला. दुरून जो एक काटेरी चेंडू दिसत होता, तो एक फूल नव्हताच! ती अनेक लहान लहान फुलांची वस्ती होती. प्रत्येक फुलाला पाच नाजूक पाकळ्या होत्या आणि एका फुलात एक मुंगी शिरली होती.

मग सर्व मुले पुढे सरसावली. एका मुलीला जमिनीलगत पसरलेली भुईरिंगणी सापडली. तिच्या पानांवर, शिरांवर, देठांवर, सगळीकडे पिवळसर लांब काटे असतात. पण मध्ये पाहा! जांभळे फूल आणि त्याच्या मधोमध पाच पिवळे पुंकेसर. "सर, हे तर वांग्याच्या फुलासारखे आहे!" ती ओरडली. तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. भुईरिंगणी आणि वांगे एकाच कुळातले आहेत. पुस्तकात वाचून जे लक्षात राहिले नसते, ते तिला एका फोटोने शिकवले.

असे फोटो तुम्हीही काढू शकता. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळी लवकर जा. तेव्हा ऊन कोवळे असते आणि वारा कमी असतो. झाडाच्या उंचीइतके खाली वाका, गुडघे टेका. हात दगडावर किंवा दप्तरावर टेकवा आणि बटण दाबताना श्वास रोखून धरा. सावली फार गडद असेल, तर दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरा, म्हणजे उजेड परतून झाडावर पडेल. भिंग झाडापासून जवळ किंवा दूर हळूहळू सरकवा. काट्याचे टोक स्पष्ट दिसले की फोटो काढा. फोटोसाठी फांदी तोडू नका. धरणाच्या पाण्याजवळ तर मुळीच जाऊ नका. तेथे तळ एकदम खोल होतो.

जवळून पाहिले की कळते, सगळे काटे सारखे नसतात. बोरीच्या फांदीवर दोन-दोन काटे असतात, त्यात बहुधा एक सरळ आणि एक वाकडा असतो. सरळ काटा टोचतो आणि वाकडा काटा बाही धरून ठेवतो. करवंदीचा काटा म्हणजे रूप बदललेली फांदी आहे. निवडुंगाचे काटे म्हणजे रूप बदललेली पाने आहेत. पाने बारीक झाल्यामुळे त्यांतून पाणी उडून जात नाही. म्हणजे काटा ही झाडाची दुष्टाई नव्हे. ती त्याची जगण्याची युक्ती आहे.

जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट (1865-1932) नावाचे कलाशिक्षक होऊन गेले. विद्यार्थ्यांना वनस्पतींचे आकार शिकवण्यासाठी त्यांनी घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने रानटी झाडांचे अनेक पटींनी मोठे फोटो काढले. त्यांचे पुस्तक 1928 साली निघाले, तेव्हा त्यांनी वयाची साठी ओलांडली होती. आपल्या पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर हे व्यवसायाने अभियंता. त्यांनी सह्याद्रीत हिंडून रानफुलांचे फोटो काढले आणि 2001 साली 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे पुस्तक प्रसिद्ध केले. दोघांनीही छायाचित्रणाला पोटापाण्याचा धंदा केले नाही. पाहण्याचा छंद मात्र सोडला नाही.

जवळून पाहण्यात केवळ आनंद नाही, शहाणपणही आहे. पिवळा धोतरा हे काटेरी झाड तुम्ही रस्त्याकडेला पाहिले असेल. त्याचे फूल सुंदर असते, पण बी विषारी असते. ते काळे बी मोहरीसारखे दिसते. भिंगाखाली पाहिले तर त्यावर जाळीसारखी नक्षी स्पष्ट दिसते. 1998 साली दिल्लीत या बियांच्या तेलाची भेसळ असलेले मोहरीचे तेल खाऊन अनेक लोकांना सूज आली आणि कित्येकांचे प्राण गेले. म्हणून फोटो जरूर काढा, पण अनोळखी झाडाचे फळ, बी किंवा चीक तोंडाला, डोळ्यांना लावू नका.

आम्ही काढलेले फोटो वर्गाच्या भिंतीवर लावले. मार्च महिन्यात मी पुन्हा त्याच रस्त्याने भोरला गेलो. कोणीतरी वाळलेल्या गवताला काडी लावली होती. सारा माळ काळा पडला होता. उत्कटारी नव्हती, भुईरिंगणीही नव्हती. मी हे वर्गात सांगितले, तेव्हा काठी चालवणारा तो मुलगा बराच वेळ भिंतीवरच्या फोटोकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "सर, एवढे काटे असूनही ती वाचली नाहीत?"

मी म्हणालो, "बाळ, काटे त्यांना गुरांपासून वाचवतात. आगीपासून त्यांना फक्त माणूसच वाचवू शकतो."

पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा तेथे गेलो. भुईरिंगणी जमिनीतून परत उगवली होती. उत्कटारी मात्र आम्हाला दिसली नाही. त्या मुलाने या वेळी काठी आणली नव्हती. त्याने माझ्याकडून भिंग मागून घेतले आणि तो गुडघे टेकून जमिनीवर बसला.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कुंपणाजवळही एखादे काटेरी झाड असेल. आजवर तुम्ही त्याला टाळून गेला असाल. उद्या जरा थांबा आणि जवळ जाऊन पाहा.

स्वाध्याय

1. मुलाने उत्कटारीचे तुरे तोडणे का थांबवले असेल?
2. बोर, करवंद आणि निवडुंग यांच्या काट्यांतील फरक सांगा.
3. 'काट्याने काटा काढणे' या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
4. तुमच्या परिसरातील एका काटेरी झाडाचे जवळून निरीक्षण करा. त्याचे उर्दू व मराठी नाव लिहा आणि त्याच्याविषयी पाच वाक्ये लिहा.