चैत्रांगण : हाताकडे बघून शिकायचा धडा



चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत माहेरपण भोगते. या महिनाभर महाराष्ट्रात दारापुढे काढतात ती रांगोळी म्हणजे चैत्रांगण. इथे ब्रिटनमध्ये बहुतेकांना अंगण नाही, आणि चैत्रात थंडीही सरलेली नसते. म्हणून आपल्या सभागृहात गेरू लावलेल्या फळीवर ते काढतात. गेली काही वर्षे हे काम एकाच आजींच्या हातचे. यंदा मी शेजारी बसून नुसते पाहिले. जे कळले ते इथे देते.

हात : रांगोळी म्हणजे शिरगोळ्याच्या मऊ दगडाची पूड. कोकणात भाताच्या तुसाची पांढरी राखही वापरतात. आजी ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतात व बोटे किंचित चोळत सोडतात. बोटे फळीला टेकत नाहीत. हात रेंगाळला की रेघ जाड होते, घाई केली की तुटते. सारी मेख त्या वेगात आहे आणि ती पुस्तकातल्या चित्रात दिसत नाही.

क्रम : आधी मधोमध मखर आणि त्यात गौर. वर सूर्य-चंद्र. मग शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मे, लक्ष्मीची पावले, तुळशीवृंदावन. नंतर कासव, नाग, मोर, अंबारीचा हत्ती. शेवटी फणी, आरसा, करंडा. काही घरांत अशी 51 चिन्हे मोजतात. घराघराची रीत वेगळी. नीट पाहिले तर देवाच्या आयुधांशेजारी फणी आहे आणि गाईच्या पावलांशेजारी नाग. माहेरी आलेल्या लेकीसाठी सगळे घरदार, गोठा, रान जमले आहे. कोणाला वगळलेले नाही.

एका मुलीने विचारले, "आजी, आधी पेन्सिलीने का नाही आखत?" आजी म्हणाल्या, "चुकलं तर पुसता येतं, बाळा. म्हणून तर रांगोळी."

हत्तीपाशी आजींचा हात कापू लागला. त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "हा तू काढ." माझा हत्ती डुकरासारखा झाला. मी पुसायला गेले, तर त्यांनी हात धरला आणि त्यावर हळद-कुंकू वाहिले. मग आंब्याची डाळ आणि पन्हे झाले.

छाप्याची रांगोळी सोपी आहे आणि सुंदरही दिसते. तिला नावे ठेवायची नाहीत. पण छापा बाजारात पुन्हा मिळेल, हा हात मिळणार नाही.

घरचा अभ्यास : मुलांनी आई, आजी किंवा मावशीला विचारावे : आपल्याकडे चैत्रांगणात काय काय काढतात? त्यातली पाच चिन्हे पाटावर काढून पाहावीत. आजी भारतात असतील तर फोनवर हात दाखवायला सांगावे.

विनंती : आजी एकट्या राहतात आणि दोन बस बदलून मंदिरात येतात. असे आणखीही ज्येष्ठ आपल्यात आहेत. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी रविवारी एकाला जरी आणले-पोचवले, तरी ती मोठी सेवा होईल. नाव कार्यालयातील वहीत लिहावे. येताना मुलांना शेजारी बसवावे. धडा गाडीतच सुरू होईल.