चंद्राचे नाव लाभलेला पतंग

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची उंच रांग उभी आहे. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर ही तिच्यावरील प्रसिद्ध स्थाने होत. पावसाळ्यातील रात्री या भागात ओसरीवर दिवा लावला, की त्याभोवती नाना तऱ्हेचे पतंग जमतात. त्यांत क्वचित एक मोठा, फिकट हिरवा पतंग येऊन भिंतीवर बसतो. त्याचे पंख पसरले असता १० ते १२ सेंटिमीटर भरतात. मागच्या पंखांना लांब शेपट्या असतात आणि प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा एक ठिपका असतो.

या पाहुण्यास कोणत्या नावाने ओळखावे? एका गावाने दिलेले नाव दुसऱ्या गावास ठाऊक नसते. मग ते दूरच्या देशास कसे कळावे? ही अडचण स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी दूर केली. १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द वंश सांगतो, दुसरा जाती. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत आजही नवे पतंग सापडतात. त्यांचेही नामकरण याच रीतीने होते.

आपल्या पतंगाचे शास्त्रीय नाव आहे 'अ‍ॅक्टियास सेलेनी'. सेलेनी ही ग्रीक लोकांची चंद्रदेवता. जातीचे हे नाव जर्मन कीटकतज्ज्ञ याकोब ह्युब्नर यांनी दिले. उत्तर अमेरिकेत याच्यासारखाच एक पतंग आहे. त्याचे नाव 'अ‍ॅक्टियास लूना'. लूना म्हणजे लॅटिन भाषेत चंद्र! दोघांमध्ये महासागराचे अंतर आहे. तरी पहिला शब्द एकच असल्यामुळे त्यांचे नाते आपणांस तत्काळ कळते.

या पतंगाची एक गोष्ट मात्र नावावरून कळत नाही. सुरवंट असताना तो मोईसारख्या झाडांची पाने भरपूर खातो. परंतु पंख फुटल्यावर त्यास काहीच खाता येत नाही. साठविलेल्या शक्तीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. तेवढ्यात जोडीदार शोधावयाचा आणि मादीने अंडी घालावयाची. दिव्याभोवती फिरण्यात एक रात्र गेली, तर त्याच्या आयुष्याचा केवढा तरी भाग व्यर्थ जातो.

म्हणून मुलांनो, हा पाहुणा तुमच्या भिंतीवर आला, तर त्यास डोळे भरून पाहा, वहीत त्याचे चित्र काढा, नाव लिहा आणि मग दिवा मालवा. त्यास रानाची वाट मोकळी करून द्या.