सराव पाहताना

सामन्यात आपण चेंडूकडे पाहतो. सरावात नजर कुठे ठेवावी? २०१४ साली स्थापन झालेल्या एफसी गोवा संघाचा सराव पाहण्यास मी सावंतवाडीहून पहाटेच्या एस.टी.ने गेलो व कुंपणाबाहेर उभा राहिलो. खेळाडूंनी रिंगण केले, मध्ये दोघे. रिंगणातल्यांनी एका स्पर्शात चेंडू पुढे द्यायचा, मधल्यांनी तो अडवायचा. ज्याचा पास चुकेल तो मध्ये. यालाच ‘रोंदो’ म्हणतात. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच जो तो मान वळवून जागा हेरीत होता! दूरचित्रवाणीवर हे निसटते, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. माझा आवडता खेळाडू तीनदा मध्ये गेला. (वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?)

घरी वडिलांनी विचारले, “कोण जिंकले?”

“कोणीच नाही.”

“मग भाडे कशाला घातलेस?”

मी जमिनीवर चिंचोक्यांचे रिंगण मांडले.