बोटीच्या तळातील पाणी

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तथापि सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगा आणि वर्धा या नद्यांमुळे बोट ही येथे पावसाळ्याची गरज ठरते. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले, तेव्हा लोकांच्या सुटकेसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली होती. अशा प्रसंगी बोट ऐन वेळी धड असणे महत्त्वाचे. आणि एरवी ती महिनोन्‌महिने छपराखाली पडून असते.

प्रत्येक बोटीच्या तळात थोडेफार पाणी साचतेच. पाऊस असतो, लाटांचे तुषार असतात, निचऱ्याचे बूच कधी सैल बसते. प्रश्न आहे तो ते वाढण्याच्या वेगाचा. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर व्यासाचे भोक पडल्यास मिनिटाला सुमारे ७ लिटर पाणी आत येते. व्यास दुप्पट झाला की प्रमाण चौपट, म्हणजे तासाला दीड हजार लिटरांहून अधिक होते. ताशी २००० लिटरांचा पंप त्यास पुरेल, असे कागदावर वाटेल. परंतु पंपावर छापलेली क्षमता बहुधा पाणी वर न उचलता मोजलेली असते. मीटरभर उंच चढवून नळीतून बाहेर टाकताना ती बरीच घटते.

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि हा उतारू एका जागी बसत नाही. बोट जिकडे कलते तिकडेच तो धावतो आणि कल वाढवितो. फायबरच्या बोटीत दुहेरी तळ असेल, तर त्याखालचे पाणी पायांना लागतही नाही.

यासाठीच पाण्याची चाहूल घेणारा स्विच हवा. घरच्या टाकीतील तरंगता स्विच पातळी खाली गेली की पंप सुरू करतो. बोटीतील स्विच ती वर आली की सुरू करतो. सोय उत्तम, पण तीत एक धोका दडलेला आहे. पंप मुकाट्याने पाणी उपसत राहिला, तर गळती सुरू असल्याचे नावाड्यास कळतच नाही. बॅटरी संपते तेव्हाच कळते. म्हणून पंपाबरोबर पेटणारा दिवा आणि स्वतंत्र, थोड्या उंचीवरच्या स्विचवर वाजणारा भोंगा सुकाणूपाशी असावा. पंप वारंवार सुरू होऊ लागला, तर प्रवासी उतरवून भोक शोधावे.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे काळ्या मातीचा गाळ. पुराच्या पाण्याबरोबर पराटीचा पाला येतो आणि पंपाच्या जाळीत अडकतो. गाळ बसलेला स्विच वरच अडकला तर पंप कोरडा फिरून जळतो. खाली अडकला तर सुरूच होत नाही. एका सरावात प्रस्तुत लेखकाने हा दुसरा प्रकार पाहिला. पाणी शेवटी घमेल्याने उपसावे लागले.

पंपाची तार मुख्य स्विचमधून न नेता फ्यूज घालून थेट बॅटरीस जोडावी, म्हणजे उभ्या बोटीतही तो चालेल. बॅटरी तळापासून उंच ठेवावी. पाणी बाहेर टाकणारे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर असावे, अन्यथा पंप थांबताच नदीचे पाणी उलट आत येते. हातपंप व बादली बोटीत असावीच.

मे अखेरीस बोट बाहेर काढून तळात चार बादल्या पाणी ओतावे आणि हात न लावता पहावे: पंप सुरू होतो काय, दिवा लागतो काय, भोंगा वाजतो काय, आणि तळ उपसला गेल्यावर पंप आपोआप बंद होतो काय.