मुक्या सोबत्याची जखम आणि आपले हात

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीचे पाणी कल्याण परिसरात शिरले. त्यानंतर मुंबई-ठाणे भागात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. प्राण्यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात मिसळणारा हा जंतू लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. मग जखम माणसाची असो वा कुत्र्याची. म्हणून पाळीव कुत्र्याचा पंजा कापल्यास पुढील क्रम पाळावा, असे आम्ही सुचवितो.

प्रथम हातमोजे घालावेत. वेदनेने प्रेमळ कुत्राही चावतो. स्वच्छ कापडाने ५ मिनिटे दाबून रक्त थांबवावे. उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ विरघळवून जखम धुवावी. पोव्हिडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास घातक ठरतात. त्या देऊ नयेत. जखम खोल असल्यास, दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची असल्यास वा तीत अळ्या दिसल्यास पशुवैद्यांकडे न्यावे.

उपचार करताना दात वा नख लागल्यास ती जागा १५ मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुवून त्याच दिवशी रुग्णालयात यावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र प्राण वाचविते.