कुळाची आठवण : केनियातील बुकुसू लोकांचा एक अभ्यास



या अंकातील अभ्यासासाठी मी आपल्या सेवाक्षेत्राबाहेरचा, आफ्रिकेतील एक समाज निवडला आहे. धर्मविज्ञानाच्या डिप्लोमासाठी मी शिकत असताना आमच्या वर्गात केनियाहून आलेला एक बुकुसू भाऊ होता. आम्ही एकमेकांना जात, गाव, आडनाव विचारतो. तो प्रत्येकाला कूळ विचारायचा. त्याच्याशी झालेल्या गप्पांतून आणि पुढे केलेल्या वाचनातून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. एखाद्या आदिवासी समाजात सुवार्ता जाते, तेव्हा त्या समाजाच्या आठवणीचे काय होते? आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्या आपल्या सर्वांपुढे हा प्रश्न रोज उभा असतो. म्हणून हा अभ्यास.

१. एक चूल, अनेक कुळे

केनियाच्या पश्चिम भागात, व्हिक्टोरिया सरोवराच्या उत्तरेला लुह्या लोक राहतात. २०१९ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ६८ लाख भरली. किकुयू लोकांच्या खालोखाल हा त्या देशातला दुसरा मोठा समाज आहे. मात्र ‘लुह्या’ हे नाव फार जुने नाही. इंग्रज अधिकारी या लोकांना ‘बांटू काविरोंडो’ म्हणत. ते नाव लोकांनी स्वतः घेतलेले नव्हते. १९३० आणि १९४० च्या दशकांत तिथल्या शिकलेल्या तरुणांनी आपल्याच भाषांतला एक शब्द पुढे आणला. गावातील वडीलधारी माणसे ज्या शेकोटीभोवती बसून न्यायनिवाडा करतात, त्या जागेचा तो शब्द. लुह्या म्हणजे एका शेकोटीचे लोक.

या शेकोटीभोवती बुकुसू, मारागोली, वांगा, इसुखा, इदाखो, तिरिकी, बन्योरे असे पंधराहून अधिक समाज बसले आहेत. प्रत्येकाची बोली वेगळी, चालीरीतीही थोड्याफार वेगळ्या. प्रत्येक समाजात पुन्हा अनेक कुळे आहेत. बुकुसू हा त्यांतला मोठा समाज. माउंट एल्गन हा ४,३२१ मीटर उंचीचा डोंगर आणि न्झोइया नदी यांच्या परिसरात, मुख्यतः बुंगोमा जिल्ह्यात, त्यांची वस्ती आहे. त्यांच्यात शंभराहून अधिक कुळे आहेत आणि कुळांची नावे ‘बा’ने सुरू होतात, जसे बाखुरार्वा, बाबुया, बालुंदा. ‘बा’ म्हणजे लोक.

२. मूळ कोठले?

बुकुसू वडीलधारी सांगतात की आपले पूर्वज ‘मिस्री’ नावाच्या दूरच्या देशातून निघाले आणि अनेक मुक्काम करत एल्गनच्या पायथ्याशी आले. मिस्री म्हणजे मिसर, असे पुष्कळ जण मानतात. भाषेचे अभ्यासक मात्र वेगळे सांगतात. लुबुकुसू ही बांटू कुटुंबातील भाषा आहे, आणि बांटू भाषांचे मूळ आजच्या नायजेरिया आणि कॅमेरून यांच्या सीमेकडे आहे. तेथून हे लोक हजारो वर्षांत हळूहळू पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पसरले.

मग मिस्रीची गोष्ट खोटी समजायची काय? मला तसे वाटत नाही. आपण कोठून तरी चालत आलो, वाटेत भूक सोसली, देवाने वाट दाखवली, ही आठवण त्या गोष्टीत जपलेली आहे. इस्राएल लोकांनाही पीक अर्पण करताना आपला बाप भटका अरामी होता असे म्हणायला शिकवले होते (अनुवाद २६). ही आठवण नकाशा काढण्यासाठी दिलेली नव्हती. तिच्यामुळे मन नम्र राहत असे.

नकाशाने मात्र बुकुसूंचे नुकसान केले. एल्गनच्या पलीकडे युगांडात राहणारे गिसू, म्हणजेच मासाबा लोक, त्यांचे भाऊबंद आहेत. भाषा जवळची, संस्कारही जवळचे. इंग्रजांनी आखलेली सीमा या भावांच्या मधून गेली. १९०२ साली युगांडाचा पूर्व प्रांत एका कागदी हुकमाने आजच्या केनियाला जोडला गेला आणि बुकुसू आपल्या घरातून न हलता दुसऱ्या देशात गेले! त्याआधी १८९५ साली लुंबोका आणि चेतांबे येथील मातीच्या तटबंदीआडून त्यांनी इंग्रज फौजेशी लढाई केली होती. त्या लढाईत ते हरले. वेबुयेजवळच्या चेतांबेच्या टेकडीवर अजूनही ती आठवण जागी आहे.

३. मांगो आणि अजगर

बुकुसू माणसाची ओळख ज्या संस्काराने ठरते, तो म्हणजे मुलांची सुंता. ती सम वर्षांत, ऑगस्ट महिन्यात होते. तिच्या उगमाची कथा बाखुरार्वा कुळाशी जोडलेली आहे.

या कुळात मांगो नावाचा माणूस होता, असे सांगतात. एक प्रचंड सर्प गुहेत राहून माणसे आणि गुरे गिळत होता. मांगोची मुलेही त्याने घेतली. शेजारी राहणारे साबाओत लोक सुंता करत असत. त्यांनी मांगोला हिणवले: तू अजून पोरगाच आहेस, त्या सर्पाला मारलेस तर आम्ही तुझी सुंता करू. मांगो रात्री गुहेत शिरला, दबा धरून बसला आणि सर्प परत येताच त्याचे डोके तोडले. शेजाऱ्यांनी शब्द पाळला. तेव्हापासून बुकुसूंमध्ये ही रीत चालू झाली. नदीवरून परतताना जे गीत गातात त्याला ‘सिओयाये’ म्हणतात, आणि तेही मांगोच्या काळाशीच जोडले जाते.

या कथेत एक गोष्ट लक्षात घ्यावी. साबाओत हे बांटू नाहीत. त्यांची भाषा वेगळ्याच कुटुंबातली आहे. म्हणजे ज्या खुणेचा बुकुसूंना सर्वांत जास्त अभिमान, ती आपण शेजाऱ्याकडून घेतली असे त्यांचीच परंपरा सांगते. कुळाची ओळख बंद पेटीतून आलेली नाही. शेजार, लग्ने, लढाया आणि मैत्री यांतून ती घडत गेली.

४. संस्कारातील शिस्त

संस्काराची तयारी मुलगा स्वतःच करतो. हातात घुंगुरवजा घंटा घेऊन, नाचत, गात तो नातेवाइकांच्या घरी आमंत्रण द्यायला जातो. मामाकडे जाणे चुकवता येत नाही. मामा जनावर कापतो आणि मांसाचा एक पट्टा भाच्याच्या गळ्यात घालतो. वडिलांच्या कुळाइतकाच आईच्या कुळाचाही या मुलावर हक्क आहे, हे त्यातून सर्वांना दिसते. आपल्याकडेही जावळापासून लग्नापर्यंत मामा लागतोच. तेव्हा हे समजायला आपल्याला अवघड नाही.

ठरलेल्या दिवशी पहाटे मुलाला नदीवर नेऊन अंगाला थंड चिखल फासतात. गेलेल्या वाटेने परत येत नाहीत. मुलगा वडिलांच्या अंगणात उभा राहतो आणि न हलता, न रडता सुंता करून घेतो. पुढे जखम भरेपर्यंत थोरांकडून त्याला शिकवण मिळते: वडीलधाऱ्यांचा मान, कष्ट, घर सांभाळणे.

त्या काळात सुंता झालेल्या सर्वांचा एक वयोगट बनतो. अशा गटांची आठ नावे आहेत: कोलोंगोलो, किक्वामेती, कानानाची, किन्यिकेऊ, न्यांगे, माइना, चुमा आणि सावा. एक नाव साधारण एक तप चालते. आठही नावे संपली की चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे एखादे नाव परत येईपर्यंत जवळजवळ शतक उलटते आणि त्या नावाचे जुने लोक बहुतेक निघून गेलेले असतात. पणजोबाच्या गटाचे नाव पणतूला मिळते. लिहिलेले पंचांग नसताना या लोकांनी काळ मोजला तो असा.

५. नाव, लग्न, मरण

नावेही आठवण ठेवतात. पावसाळ्यात जन्मला तो वाफुला, जन्मली ती नाफुला. कापणीच्या दिवसांत जन्मलेले वेकेसा आणि नेकेसा, दुष्काळातले वांजाला आणि नांजाला. एखाद्या घरातील नावे ऐकली की त्या घराने कोणते दिवस पाहिले ते कळते.

लग्नाच्या बाबतीत नियम कडक आहे. स्वतःच्या कुळात लग्न नाही, आईच्या कुळात नाही, आजीच्या कुळातही नाही. म्हणून दोन तरुण भेटले की आधी कूळ विचारतात. या नियमामुळे प्रत्येक घर अनेक कुळांशी बांधले जाते आणि भांडण झाले तर मध्यस्थी करणारा कोणीतरी सोयरा सापडतोच.

मान्यवर वृद्ध पुरुष वारला की दफनानंतर ‘खुस्वाला कुमुसे’ नावाचा विधी होतो. सगळी कुळे गोल करून बसतात. मधोमध काठी घेतलेला एक वक्ता येरझारा घालत बोलतो. समाज कोठून आला, कुळे कशी फुटली, कोण कोणाचे देणे लागतो, तरुणांनी कसे वागावे, हे सर्व तो तोंडपाठ सांगतो. हे काम काही ठरावीक कुळांतच चालत आले आहे. शोकाच्या घरी इतिहास, उपदेश आणि सांत्वन असे एकत्र मिळते.

६. सुवार्ता आली तेव्हा

१९०२ साली अमेरिकेतील फ्रेंड्स, म्हणजे क्वेकर, मंडळीचे तीन तरुण मिशनरी कैमोसी येथे आले आणि तेथून काम बुकुसू भागातही पसरले. शाळा, दवाखाने, सुतारकाम, छापखाना आले. आज जगातील सर्वांत जास्त क्वेकर केनियात आहेत. देवाने तेथे मोठे काम केले, याबद्दल शंका नाही.

पण दुसरी बाजूही अभ्यासली पाहिजे. मिशनने पूर्वजांचे पुष्कळसे विधी एका दमात अंधाराच्या खात्यात टाकले. त्याच वेळी सरकार जमीन आणि मजुरी यांबाबत जबरदस्ती करत होते. लोकांच्या दृष्टीने दोघांचा रंग एकच होता. एलिजा मासिंदे हा क्वेकर मंडळीत वाढलेला, फुटबॉलपटू म्हणून नाव झालेला बुकुसू तरुण. १९४० च्या दशकात त्याने ‘दिनी या म्साम्ब्वा’, म्हणजे पूर्वजांच्या आत्म्यांचा धर्म, ही चळवळ उभारली. फेब्रुवारी १९४८ मध्ये मालाकिसी येथे पोलिसांनी जमावावर गोळीबार केला आणि अकरा माणसे मेली. चळवळीवर बंदी आली, मासिंदे कैदेत गेला. स्वातंत्र्यानंतरही तुरुंगाने त्याची पाठ सोडली नाही. १९८७ साली तो वारला.

मासिंदेची शिकवण आपण स्वीकारू शकत नाही. पण ज्याला मंडळीच्या शाळेत अक्षरओळख झाली, तो माणूस पूर्वजांकडे पाठ फिरवा या आज्ञेला असे उत्तर का देतो, हा प्रश्न मंडळीनेच स्वतःला विचारायचा आहे. लोकांच्या हातातून आठवण हिसकावून घेतली तर ते ती परत मिळवायला निघतात आणि तेव्हा सुवार्ताही दूर लोटतात.

७. पवित्र शास्त्राच्या उजेडात

प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये हाच पेच आहे, फक्त उलट दिशेने. यहूदी विश्वासणारे परराष्ट्रीयांवर सुंता लादू पाहत होते. यरुशलेमेतील सभेने ठरवले की तारण कृपेने आहे. कोणाचीही रीत कोणावर ओझे म्हणून घालू नये. म्हणून सुंतेने तारण मिळत नाही, आणि सुंता सोडल्यानेही मिळत नाही. एखादी रीत मूर्तिपूजेकडे किंवा माणसाच्या नुकसानीकडे नेत असेल तर ती सोडावी. जी माणसाला माणसाशी जोडते, ती ख्रिस्ताच्या पायाशी ठेवून शुद्ध करून घ्यावी.

बुकुसू ख्रिस्ती लोक आज ही निवड करत आहेत. एकाच सुरीने अनेक मुलांची सुंता करण्यातला धोका ओळखून पुष्कळ आईबाप मुलाला दवाखान्यात नेतात. काही मंडळ्या सुटीत मुलांना एकत्र ठेवून शास्त्राचे शिक्षण देतात, पण मामाचा मान आणि थोरांचा आशीर्वाद ठेवतात. देवासाठी त्यांचा जुना शब्द ‘वेले’ हाच ते प्रार्थनेत वापरतात, जसा आपण ‘देव’ हा शब्द वापरतो. तो शब्दही आपल्याकडे मिशनच्या आधीपासूनच होता.

मत्तयाचे शुभवर्तमान वंशावळीने सुरू होते. ज्यांना कूळ प्रिय आहे त्यांना तो अध्याय कंटाळवाणा वाटत नाही. आपला तारणारा कुळाशिवाय आला नाही, हे त्यांना आपल्याआधी समजते. आणि प्रकटीकरण ७ मध्ये सिंहासनापुढे जो समुदाय उभा आहे, त्यात वंश आणि भाषा पुसलेल्या नाहीत. त्या ओळखू येतात.

८. आपल्यासाठी

आपल्या वसतिगृहांत येणाऱ्या भिल्ल, पावरा, कोकणा, वारली मुलांनाही कुळे आहेत. प्रवेश अर्जावर आडनावाची चौकट असते, कुळाची नसते. मुले मराठी शिकतात, स्तोत्रे शिकतात. पण आजोबांशी बोलायला त्यांच्याजवळ शब्द उरतात का, हे आपण क्वचितच विचारतो. मुलाला वाचता येऊ लागले आणि त्याच वेळी तो घरात मुका झाला, तर आपल्या सेवेचे फळ कोणते?

माझी विनंती साधी आहे. आपल्या पाड्यावरील वृद्धांजवळ बसा. त्यांचे कूळ, त्यांचे आलेले रस्ते, नावांचे अर्थ विचारून वहीत लिहा. दुरुस्त करायची घाई करू नका, आधी ऐका. ती वही मुलांच्या हाती द्या.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या समाजातील कोणती रीत माणसे जोडते आणि कोणती तोडते?
२. अनुवाद ३२:७ आणि यहोशवा ४ वाचा. मुलांनी प्रश्न विचारावा म्हणून देवाने कोणती सोय केली?
३. तुमच्या मंडळीतील सर्वांत वृद्ध आदिवासी भाऊ किंवा बहिणीची गोष्ट तुम्हांला माहीत आहे काय? पुढील सभेपूर्वी ती ऐकून या.