आठ किलोंचे वीस किलो

विमानाने माल पाठविणाऱ्या एका परिचितांकडे मी एक पावती पाहिली. खोक्याचे वजन ८ किलो. भाडे मात्र २० किलोंचे! प्रथम मला ही लबाडीच वाटली. मग हिशेब मांडला. खोके ६० × ५० × ४० सेंटिमीटरचे, म्हणजे १,२०,००० घन सेंटिमीटर. त्याला ६,००० ने भागले की २०. विमानात वजनाइतकीच जागाही महाग. म्हणून दोहोंपैकी मोठा आकडा धरतात. फुलांसारखा हलका माल पाठविणाऱ्याला हे जाचते.

हा भाजक सरकारी नव्हे. तो 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघाचा. संघ १९४५ साली हवाना येथे स्थापन झाला. १९५८-५९ मध्ये जे. आर. डी. टाटा त्याचे अध्यक्ष होते. सरकारांची संघटना 'इकाओ' निराळी. दोहोंचे मुख्यालय माँट्रियललाच, त्यामुळे माझा बरेच दिवस घोटाळा होत असे! असो.

मालाच्या पावतीचा एकच नमुना देशोदेशी चालतो, तिचे पहिले तीन अंक वाचून कंपनी ओळखता येते (एअर इंडियाचे ०९८), हे श्रेय आयाटाचेच. परंतु भाडे ज्यांच्या खिशातून जाते, त्या माल पाठविणाऱ्यांना या संघाचे सभासदत्व नाही. मला खटकते ते हेच.